महापौर कोणी निवडावा? रायपूरच्या दोन निवडणुका

रायपूर नगरपालिकेची स्थापना 1867 साली झाली. शंभर वर्षांनी, 1967 साली, तिला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. जुन्या तलावाच्या काठी वसलेल्या तेलीबांध्यासारख्या भागांतील पाणी, गटारे व दिवाबत्ती यांचे प्रश्न याच संस्थेपुढे येतात. तिचा प्रमुख, म्हणजे महापौर, कोणाला उत्तरदायी असावा हा प्रश्न त्यामुळे सामान्य नागरिकाच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

1993 साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांच्या निवडणुका दर पाच वर्षांनी घेणे बंधनकारक केले. अध्यक्ष निवडण्याची रीत ठरविण्याचा अधिकार मात्र राज्य विधिमंडळांकडेच राहिला. महाराष्ट्रातही नगराध्यक्ष कधी थेट मतदारांनी, तर कधी नगरसेवकांनी निवडला आहे.

रायपूरमध्ये 2009 साली किरणमयी नायक व 2014 साली प्रमोद दुबे हे काँग्रेसचे उमेदवार थेट मतदानाने महापौर झाले. 2019 साली भूपेश बघेल यांच्या सरकारने ही पद्धत बदलली. त्या डिसेंबरात मतदारांनी केवळ आपल्या प्रभागाचा प्रतिनिधी निवडला. एकूण 70 जागांपैकी काँग्रेसला 34, भारतीय जनता पक्षाला 29 व अपक्षांना 7 जागा मिळाल्या. बहुमतासाठी 36 जागा हव्या होत्या. त्या कोणत्याच पक्षापाशी नव्हत्या. जानेवारी 2020 मध्ये सभागृहात मतदान झाले, तेव्हा काँग्रेसचे एजाज ढेबर 41 विरुद्ध 29 मतांनी विजयी झाले. पक्षाच्या संख्याबळाहून त्यांना सात मते अधिक पडली. अपक्षही सातच होते. शहराचा निर्णय अखेर या मूठभर सदस्यांच्या हाती गेला होता.

पुढे राज्यात सत्तांतर झाले आणि थेट निवडणूक पुन्हा आली. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रत्येक मतदाराने दोन मते दिली : एक प्रभागासाठी, दुसरे महापौरपदासाठी. भारतीय जनता पक्षाच्या मीनल चौबे दीड लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. सभागृहात त्यांच्या पक्षाला 60, काँग्रेसला 7 व अपक्षांना 3 जागा मिळाल्या.

दोन्ही पद्धतींना गुणदोष आहेत. अप्रत्यक्ष निवडीत महापौर व सभागृहातील बहुमत यांचा मेळ राहतो, पण मतदार दूर पडतो. थेट निवडीत मतदाराचा कौल स्पष्ट होतो, पण महापौर एका पक्षाचा व बहुमत दुसऱ्याचे असा पेच संभवतो. तथापि सरकार बदलले की नियमही बदलावा, अशी प्रथा पडल्यास नागरी स्वराज्याचा पायाच डळमळीत होतो.