आठवणीची फुले

गोंदिया जिल्हा हा तळ्यांचा आणि धानाचा प्रदेश. पावसाळा सरला की बांध्यांतील धान पिवळे पडते, आणि त्याच सुमारास परसांतून झेंडू फुलू लागतो. या प्रदेशात आणि शेजारच्या भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गोवारी लोकांची वस्ती आहे. गावाची गुरे राखणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. सकाळी घरोघरची गुरे आखरावर गोळा करावीत, दिवसभर रानात चारावीत आणि दिवे लागणीला सुखरूप परत आणावीत, असा त्यांचा नित्यक्रम असे. मोबदला म्हणून त्यांना धान्य मिळे.

बलिप्रतिपदा हा गोवारींचा मोठ्या आनंदाचा दिवस. त्या दिवशी गायगोधनाचा सण असतो. गाईंना न्हाऊ घालतात, त्यांची शिंगे रंगवतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात. गोवारी वाद्यांच्या तालावर नाचतात. वर्षभर रानोमाळ हिंडणाऱ्या गुराख्याचा त्या दिवशी सारा गाव मान राखतो.

सन 1994 ची दिवाळी अशीच आनंदात गेली. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, 23 नोव्हेंबर रोजी, हजारो गोवारी नागपुरास गेले. गोंदिया हा त्या वेळी भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तेथून नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असे नाव आहे. ते नाव आपलेच असून जमातीच्या सवलती आपणांस मिळाव्यात, असे गोवारींचे म्हणणे होते. ते सरकारच्या कानी घालावे, एवढ्याचसाठी ते आले होते. कित्येक स्त्रियांच्या कडेवर लहान मुले होती.

मोर्चा वाटेत अडवण्यात आला. लोक दिवसभर रस्त्यावर बसून राहिले. संध्याकाळी एकाएकी गोंधळ उडाला. पुढे अडथळे, मागे प्रचंड गर्दी. पळावयास वाट नव्हती. त्या चेंगराचेंगरीत 114 जण प्राणांस मुकले. त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती. शेकडो लोक जखमी झाले. आपल्या हक्काची विनवणी करण्यास निघालेली माणसे घरी परतलीच नाहीत.

नागपुरात शून्य मैलाच्या दगडाजवळ या मृतांचे स्मारक उभे आहे. दरवर्षी 23 नोव्हेंबरला गावोगावचे गोवारी तेथे येतात, फुले वाहतात आणि हात जोडून उभे राहतात.

फुलाने काय होते, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. गेलेले माणूस फुलाने परत येत नाही. परंतु दुःख फार मोठे झाले की माणसाचे शब्द अपुरे पडतात आणि हातांना काय करावे ते सुचत नाही. अशा वेळी फूल उपयोगी पडते. त्याला धन लागत नाही; परसात, बांधावर ते कोणालाही मिळते. ते खुडावे, पदरात जपून न्यावे आणि हळूच ठेवावे, एवढ्या कृतीने मन किंचित हलके होते. शेजारी दुसऱ्याचे फूल पडलेले दिसले, की आपण एकटे नाही हेही कळते. ज्या झेंडूने गाईंचे गळे सजतात, तोच झेंडू शोकाच्या दिवशीही हाताशी असतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. 6 ऑगस्ट 1945 रोजी जपानमधील हिरोशिमा शहर अणुबॉम्बने उद्ध्वस्त झाले. त्या मातीत पंचाहत्तर वर्षे काही उगवणार नाही, असे लोक बोलत. पण होरपळलेल्या जमिनीतून कण्हेर उगवली आणि फुलली. तिला पाहून लोकांना धीर आला. पुढे 1973 मध्ये हिरोशिमाने कण्हेरीला आपल्या शहराचे फूल म्हणून मान दिला. आपल्या अंगणातील कण्हेर ती हीच.

मात्र फूल म्हणजे न्याय नव्हे, हे गोवारी विसरलेले नाहीत. 1995 मध्ये शासनाने त्यांचा विशेष मागास प्रवर्गात समावेश केला. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. तरीही त्यांनी आपली मागणी सोडली नाही.

वाहिलेली फुले दुसऱ्या दिवशी कोमेजतात. म्हणूनच पुढच्या वर्षी पुन्हा नवी फुले आणावी लागतात, आणि आणणाऱ्यांच्या मुलांना ती कोणासाठी, हे सांगावे लागते. दगडावर कोरलेली आठवण दगडापाशी राहते. फुलांबरोबर आलेली आठवण घरोघर परत जाते.

स्वाध्याय

1. गायगोधनाच्या सणाचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.
2. गोवारी लोक नागपुरास कशासाठी गेले होते?
3. हिरोशिमाच्या लोकांना कण्हेरीचे फूल का प्रिय वाटले असावे?
4. 'फूल म्हणजे न्याय नव्हे' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.