गॅस ग्रिलवरील फिरती सळई : मांडणी आणि खबरदारी

आम्ही कापडवाले. कोंबडी भाजण्याच्या धंद्याशी आमचा संबंध काय, असे वाचकबंधू विचारतील. संबंध शेजाराचा आहे. आमच्या ओळीतील एका खाणावळीत ग्रिलमधील चरबीने पेट घेतला. घाबरलेल्या कारागिराने तिच्यावर पाणी ओतले आणि ज्वाळा थेट छताला भिडली. भिंतीपलीकडे आमचे तागे होते. अल्लाहच्या कृपेने कुणाला इजा झाली नाही. पण त्यानंतर शेजाऱ्यांबरोबर बसून आम्ही हे काम नीट समजून घेतले. ते येथे देत आहोत.

१. गॅस : धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा, घरगुती सिलिंडर दुकानात वापरणे बेकायदा आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो व गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात ठेवू नये, नेहमी उभा व ग्रिलपासून दूर ठेवावा. रोज सांध्यांना साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे असे समजावे. काडी पेटवून कधीही तपासू नये.

२. तोल : मांडणी थंड ग्रिलवर करावी. कोंबडीचे पाय व पंख सुती दोऱ्याने घट्ट बांधावेत, सळई मधोमध घालून दोन्ही बाजूंचे काटे आवळावेत. मग सळई दोन तळहातांवर आडवी, सैल धरावी. जड बाजू आपोआप खाली येते. तोलाचे वजन तिच्या विरुद्ध बाजूस लावावे. तोल नसेल तर सळई हिसके देते, मोटर झिजते आणि माल एका अंगाने करपतो.

३. आच : मोटरला अर्थिंगची तीन पिनांची जोडणी हवी, वायर आचेपासून लांब असावी. झाकण उघडे ठेवूनच बर्नर पेटवावा. तो विझला तर गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे. सळईखालचा बर्नर बंद ठेवून बाजूचे चालू ठेवावेत.

४. चरबी : सळईखाली थोडे पाणी घातलेला ट्रे ठेवावा, पाणी आटू देऊ नये. ट्रे रोज घासावा. साचलेली चरबी हेच आगीचे मूळ. पेट घेतलाच तर गॅस व मोटर बंद करून झाकण लावावे. पाणी मुळीच ओतू नये. कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी असावे.

५. पक्वता : वरचा रंग फसवतो. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसावा. ७४ अंश सेल्सिअस झाल्यावरच गिऱ्हाईकाला द्यावे.

रात्री दुकान बंद करताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह स्वतः बंद करावा, नोकरावर सोडू नये. आग एका दुकानात लागते, पण रोजी साऱ्या ओळीची जाते.