सेंट मेरीचें उपासनामंदिर, पुणें छावणी

पुनावळ्याकडून पुण्याच्या छावणींत जाणाऱ्या आपल्या मंडळींतील लोकांस सेंट मेरीचा उंच मनोरा पाहून सहज असें वाटतें कीं, खरें उपासनामंदिर म्हणजे हेंच. आपल्या गांवची कौलारू खोली कशीबशी चालवून घ्यावयाची. ह्या समजुतीस आधार किती, हें पाहूं.

1818 सालीं पेशवाई बुडाली व पुण्यास कंपनी सरकारची फौज राहिली. तींतील गोऱ्या शिपायांकरितां हें मंदिर बांधण्यांत आलें; खेड्यांतील मराठी मंडळी बांधणारांच्या मनांतही नव्हती. समर्पणविधि 1825 सालीं कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर ह्यांनीं केला. मुंबईस स्वतंत्र बिशप 1837 पर्यंत नसल्यामुळें येवढा प्रवास त्यांजकडे आला. सांप्रत हें मंदिर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे.

आतां ह्या घडणीचें मूळ. जेम्स गिब्ज नामक स्थपतीनें 1726 सालीं लंडनांत सेंट मार्टिनचें मंदिर पुरें केलें. दर्शनी बाजूस प्राचीन रोमी देवळासारखे खांब, त्यांवर त्रिकोणी कपाळ, आणि मागें छपरांतून निघालेला मनोरा. म्हणजे मूर्तिपूजकांच्या देवळाचें तोंड ख्रिस्ती मंदिरास लाविलें, व त्याविषयीं फारसा कोणास विटाळ वाटला नाहीं! 1728 सालीं त्यानें आपले नकाशे छापिले. हिंदुस्थानांत मंदिरें बांधण्याचें काम बहुधा लष्करी इंजिनियरांकडे असे. त्यांस हा तयार नमुना सोयीचा पडला. कलकत्त्याचें सेंट जॉन (1787) व मद्रासचें सेंट अँड्र्यू (1821) हीं त्याच कुळांतील. मद्रासेस जमीन भुसभुशीत, म्हणून मेजर डी हॅव्हिलंड ह्यांनीं तिकडील रीतीप्रमाणें विहिरी उतरवून त्यांवर पाया घातला. वरचें रूप लंडनचें, परंतु त्यास उभें ठेविलें मद्रासच्या विद्येनें.

पुण्याच्या मंदिराविषयीं हेबरसाहेबांचें मत मौजेचें आहे. जागा ऐसपैस व सोयीची, पण बांधणींत रुचि नाहीं, आणि बाहेरून दिलेल्या मळकट निळ्या रंगानें तर तें अधिकच कुरूप झालें, अशी नोंद त्यांच्या रोजनिशींत आहे. ही रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, 1828 सालीं, प्रसिद्ध झाली. ज्यानें समर्पण केलें त्यानेंच नांवें ठेविलीं. तरी उपासना अडली नाहीं.

म्हणून दारापुढें सिमेंटचे दोन जाड खांब उभे करण्यासाठीं वर्गणी काढणाऱ्या मंडळ्यांनीं हिशेब करावा. ऊन व पाऊस अडविणें हें त्या खांबांच्या सोप्याचें खरें काम. तें आपली पडवी करितेच, आणि उपासनेनंतर म्हाताऱ्या माणसांस तींत बसतांही येतें.