समाजकार्य शिकून नोकरी लागते का?

सावरोली-खारपाडा रस्त्यावरच्या कुंभिवलीत बारावी झालेल्या पोरापुढे पहिला पर्याय असतो तो कारखान्याच्या गेटाचा. कंत्राटदाराकडे नाव घातलं की ड्युटी सुरू. मार्क बरे असले तर खोपोलीला कॉलेज, बी.कॉम. आणि मग पुन्हा तेच गेट, फक्त आतल्या ऑफिसातल्या खुर्चीसाठी. अशा घरात मुलगी म्हणाली, "मला समाजकार्य शिकायचंय," की आईबाबा आधी एकमेकांकडे बघतात. रक्तदान शिबिर भरवणं, पुरात बिस्किटं वाटणं, म्हाताऱ्यांना देवदर्शनाला नेणं, याला कॉलेज कशाला लागतं?

शंका रास्त आहे, कारण आपल्याकडे समाजसेवा म्हटलं की पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा बॅनरच डोळ्यांपुढे येतो. पण हे शिकून करायचं काम आहे. अमेरिकेत गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजांत 'ह्यूमन सर्व्हिसेस' हा दोन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम असतो. तो शिकून मुलं बालगृहात, व्यसनमुक्ती केंद्रात, वृद्धांच्या संस्थेत कामाला लागतात. कम्युनिटी कॉलेजची योजना यूजीसीने आपल्याकडेही आणली, पण या क्षेत्रात आजही मुख्यतः चालतात त्या दोन पदव्या: बी.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्यातली पदवी आणि एम.एस.डब्ल्यू. म्हणजे पदव्युत्तर पदवी. हे शिक्षण नवं नाही. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1926 मध्ये मुंबईच्या नागपाड्यात वस्तीसाठी केंद्र काढलं आणि त्या कामातूनच 1936 मध्ये समाजकार्याचं विद्यालय उभं राहिलं. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. जे. जे. रुग्णालयात 1946 मध्ये वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, ती देशातली पहिली मानतात.

पण पालकांना इतिहासाने धीर येत नाही, म्हणून कर्जतपर्यंत चला. वेणगावच्या बाजूला डॉ. भरत वाटवाणी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तिथे आणून बरं करतात आणि घरी पोचवतात. वाटवाणींना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा डॉक्टरांचं नाव सगळीकडे झालं, ते योग्यच. पण यातलं निम्मं काम औषधाच्या गोळीने होत नाही. आलेल्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नाही. उपचारांनी तो सावरतो, बोलू लागतो आणि एक दिवस एखाद्या बाजाराचं किंवा नदीचं नाव घेतो. एवढ्या धाग्यावर जिल्हा हुडकायचा, तिथल्या पोलीस ठाण्याला फोन लावायचा, रुग्णाची बोली समजून घ्यायची, मग त्याला घेऊन दोन-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करायचा. घरच्यांनी कधीच आशा सोडलेली असते. त्यांना समजावायचं की हे भूतबाधेचं प्रकरण नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत, पुढचा डॉक्टर अमुक ठिकाणी भेटेल. हे काम समाजकार्यकर्त्याचं. कनवाळू असून भागत नाही. नोंद कशी ठेवायची, कुटुंबाला कोणत्या क्रमाने काय सांगायचं, हे शिकावं लागतं.

आपल्या खालापूर तालुक्याने तर अशा कामाची गरज फार जवळून पाहिली आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण सापडलेच नाहीत. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. मदतीच्या गाड्यांची रांग लागली आणि काही दिवसांनी आटली, तशी ती सगळीकडेच आटते. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो. आईवडील गेलेल्या मुलाचा ताबा कोणाकडे? मृतदेहच नाही त्या माणसाच्या वारसाने कागद कोणते जोडायचे? रात्री पावसाचा आवाज आला की किंचाळणाऱ्या पोराशी काय बोलायचं? बिस्किटं वाटणाऱ्याजवळ याची उत्तरं नसतात.

आणि दरड नसतानाही काम आहेच. आपल्याकडच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, मुलांची शाळा तिथेच सुटते. ज्या घरात बापाचाच शाळेचा दाखला नाही, त्या घरातल्या मुलीला जातीचा दाखला मिळवून द्यायचा म्हणजे तहसीलच्या खेपा आल्या. त्या दाखल्याच्या आधी कागद कोणता लागतो, ते वाडीतल्या कोणाला ठाऊक नसतं. ठाकूर-कातकरी घरातलीच मुलगी हे शिकून आली तर तिला वाडीची बोली नव्याने शिकावी लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. मुलाखतीत तो तिने स्वतः सांगितला पाहिजे.

आता पगाराचं. सुरुवात बेताची असते, लपवण्यात अर्थ नाही. संस्थांच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पाच्या असतात. निधी संपला की नोकरी संपली. सरकारी बालसंरक्षण कक्षातही कंत्राटी नेमणुका पुष्कळ. तुलनेने भक्कम जागा म्हणजे सरकारी रुग्णालयातलं समाजसेवा अधीक्षकाचं पद, तिथे एम.एस.डब्ल्यू. मागतात. आणि ज्या गेटाची आपल्याला सवय आहे, त्याच्या आतही एक खुर्ची आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने 500 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. नव्या श्रम संहितेत ही मर्यादा 250 वर आली आहे. शिवाय 2013 च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावे लागतात, आणि तो पैसा वाडीपर्यंत नीट नेणारा माणूस त्यांना हवाच असतो. बी.कॉम. झालेल्या मुलाला कल्याण अधिकाऱ्याची ही खुर्ची सहसा मिळत नाही.

वाट दोन प्रकारची. बारावीनंतर थेट बी.एस.डब्ल्यू., किंवा जवळच्या कॉलेजात कोणतीही पदवी आणि मग दोन वर्षांचं एम.एस.डब्ल्यू. घरची ओढाताण असेल तर मी दुसरी वाट सुचवीन: पदवीची तीन वर्षं घरचा डबा खाऊन होतात, आणि मुलगी तोवर जराशी मोठीही होते. दुःखाच्या घरात शिरून बोलायचं काम अठराव्या वर्षी जड जातं. नुसत्या बी.एस.डब्ल्यू.वर थांबू मात्र नये, वरच्या जागा एम.एस.डब्ल्यू.लाच आहेत. मुंबईत देवनारची टाटा संस्था आणि 1955 पासूनचं निर्मला निकेतन, पुण्यात 1963 पासूनची कर्वे समाजसेवा संस्था ही जुनी नावं. खोपोली लोकलने रोज मुंबई गाठण्याचा हट्ट धरू नका. जाता-येता चार-पाच तास गेल्यावर या अभ्यासाला अंगात जीव उरत नाही. वसतिगृह बघा आणि महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. नोकरी सांभाळून शिकायचं तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी आहे, पण ज्या पदावर डोळा आहे त्याची जुनी जाहिरात आधी काढून वाचा, दूरशिक्षण चालतं का ते त्यात कळेल.

कॉलेज निवडताना इमारत नंतर बघा, आधी फील्डवर्क विचारा. आठवड्यातले बहुधा दोन दिवस विद्यार्थ्याला संस्थेत, रुग्णालयात किंवा वस्तीत पाठवतात आणि पाहिलेलं-केलेलं जर्नलमध्ये लिहून आणायचं असतं. ते जर्नल कोणी वाचतं का? शिक्षक दर आठवड्याला समोर बसवून चर्चा करतात का, की वर्षाअखेरीस एकदम सह्या होतात? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये गाठून हे विचारलं तर खरं उत्तर मिळेल.

मुलीच्या आईचा शेवटचा प्रश्न ठरलेला: होम व्हिजिटला ही एकटी जाणार का? नीट चालणाऱ्या ठिकाणी सुरुवातीला एकटीला पाठवत नाहीत. जोडीदार असतो, संस्थेचा जुना कार्यकर्ता बरोबर असतो, कुठे जाणार त्याची नोंद असते. प्रवेश घेताना हाच प्रश्न आईने स्वतः विभागप्रमुखांना विचारावा, आणि उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या कॉलेजचा फॉर्म भरावा.