ईएनटीसीला खाली ढकलण्याआधी

सीईटीचा निकाल लागला की पांढरकवड्यात दरवर्षी तोच प्रश्न, आणि तो विचारतात वडील: ‘एवढ्या पर्सेंटाइलला कॉम्प्युटर मिळेल का? निदान एआय?’ मिळेल कुठेतरी. पण पोराला कोडिंग आवडतं का, असं विचारलं की वडील पोराकडे बघायला लागतात. मेडिकल, बँकिंग, एमपीएससी या वाटा तुम्हाला तोंडपाठ आहेत, त्या सोडून देतो.

ज्याला बारावीत लहरींचा धडा मनापासून आवडला, त्याच्याशी बोलायचं आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात बारीक भोकांचा पत्रा असतो. आतली लहर सुमारे 12 सेंटिमीटर लांब, भोकं मिलिमीटरभराची. लहर आतच अडते, प्रकाश बाहेर येतो. नारायणगावजवळ, खोडद परिसरात, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्यांना भरीव पत्र्याऐवजी स्टीलच्या तारांची 10 ते 20 मिलिमीटरची जाळी लावली. 21 सेंटिमीटरची रेडिओलहर तिच्यावरून परत फिरते, वारा आरपार जातो.

याच्या पुढचं काम नक्षीचं. सर्किट बोर्डावर तांब्याचे एकसारखे तुकडे ठेवले तर ठरावीक फ्रिक्वेन्सी परतते, बाकीच्या जातात. उलट, सलग पत्र्यात तसेच काप पाडले तर तेवढीच आत जाते. 10 गिगाहर्ट्‌झसाठी काप साधारण दीड सेंटिमीटरचा, अर्ध्या लहरीएवढा. चाळणीतून भोकापेक्षा बारीक ते सगळं पडतं. पण या कापांत थोडी मोठी लहर अडते, तशी थोडी लहानही अडते. विमानाच्या नाकावर रडार झाकणाऱ्या टोपणात अशी नक्षी वापरता येते: आपल्या रडारची लहर जाते, परकी अडते. मायक्रोवेव्हवरच काम करणारी ‘समीर’ ही सरकारी संस्था पवईला आयआयटीच्या आवारात आहे.

या कामाची वाट दूरची नाही. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीत ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, आहे. नाहीतर बीएस्सी भौतिकशास्त्र करून एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम परीक्षा द्यावी. मात्र पदवीवर थांबून भागत नाही. गेट, एमटेक धरून सहा वर्षं द्यावी लागतात, गणित कठीण आहे आणि जागा कॉम्प्युटरपेक्षा कमी. ज्याला गणिताचा कंटाळा, त्याने इकडे फिरकू नये.

पालकांनो, कापसाचे पैसे मॅनेजमेंट कोट्यातल्या एआयच्या सीटवर ओतताना शेजाऱ्याचा पोरगा पुण्यात काय कमावतो, हा हिशोब बाजूला ठेवा. नावडती शाखा चार वर्षं तुमचं पोर रेटणार आहे, तुम्ही नाही. यंदा ऑप्शन फॉर्मचं लॉगिन त्याच्या हातात द्या, पहिल्या पाच पसंती त्याला लिहू द्या आणि तोवर तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.