निवारा शिकवताना : विडी कामगार बायांनी सहकारातून मिळवलेली घरं



परिसर अभ्यासात अन्न, वस्त्र, निवारा शिकवताना सगळ्यात कमी वेळ निवाऱ्याला मिळतो. कौलारू घर, धाब्याचं घर, झोपडी, इमारत असे प्रकार फळ्यावर लिहायचे, 'माझे घर' हे चित्र काढायला लावायचं, की झाला पाठ. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं.

यंदा चित्रं तपासताना एका मुलीच्या वहीपाशी थांबले. बाकीच्यांनी डोंगर, नदी, लाल कौलं काढलेली. (आमच्या वर्गात कुणाच्याही घरामागे डोंगर नाही, पण ते असो.) हिनं एकच चौकोन काढला होता. त्यात गॅस, देवाचा फोटो आणि मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई. "बाई, ही माझी आई. विड्या वळते." मी विचारलं, "आणि तू कुठंय?" तिनं सुपाच्या शेजारी बोट ठेवलं. "इथंच. अभ्यास करते."

मग तो पाठ मी चार दिवस लांबवला. त्याचीच ही टिपणं.

विडीचं काम आपल्या जिल्ह्याला नवं नाही. नगर शहरात आणि संगमनेरात ते पिढ्यानपिढ्या चालत आलंय, आणि करणाऱ्या बहुतेक बायाच. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू, दोरा आणायचा. पानं भिजवायची, मापानं कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची. मजुरी हजार विड्यांमागे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विडीचे पैसे नाहीत. म्हणजे या बाईचं घर हाच तिचा कारखाना. सुपातल्या तंबाखूची धूळ त्याच खोलीत उडते, जिथं भाकरी होते आणि पोरं झोपतात. आपण मुलांना शिकवतो की घर ऊन, वारा, पाऊस यांपासून आपलं रक्षण करतं. इथं दुसरी खोली असणं म्हणजे पोराच्या छातीचं रक्षण आहे, हे पुस्तकात कुठं येत नाही.

मुलांनी लगेच विचारलं, मग मोठं घर का घेत नाहीत?

हा प्रश्न मी गणिताच्या तासाला नेला. सोलापूरचं उदाहरण घेतलं, कारण तिथले आकडे मुलांना पेलतात. सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात, त्यात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या पुष्कळ. तिथं विडी कामगारांसाठी जी घरं बांधली गेली त्यातल्या एका घराचा खर्च साधारण ६०,००० रुपये धरलेला होता. फळ्यावर गणित मांडलं : आईनं रोज १० रुपये बाजूला टाकले, तर ६०,००० जमायला किती दिवस? ६,००० दिवस. म्हणजे सोळा वर्षांहून जास्त. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "तोवर जागेचा भाव वाढंल की!" अर्थशास्त्राचा धडा त्यानंच घेतला, मी फक्त मान डोलावली.

मग बँकेचं कर्ज? बँक विचारते, पगाराची स्लिप आहे का, तारण काय ठेवता, जामीनदार कोण. हजारी मजुरीवरच्या बाईकडे यातलं काही नसतं. सहकाराची गरज नेमकी इथं लागते, आणि आपण शिकवताना नेमकं हेच सोडून देतो. 'सहकार म्हणजे एकमेकांना मदत' एवढं सांगून मोकळे होतो. मदत तर शेजारीण पण करते. सहकारी संस्था नोंदवली की कायद्याच्या दृष्टीनं ती एक व्यक्तीच होते. तिच्या नावावर जमीन घेता येते, खातं उघडता येतं, कर्ज काढता येतं, शासनाशी करार करता येतो. आणि सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. नगर जिल्ह्यातल्या पोरांना सहकार म्हटलं की साखर कारखाना आठवतो. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं १९५० साली उभा केलेला प्रवरानगरचा कारखाना आपल्याच जिल्ह्यातला. पण तिथल्या सभासदाकडे जमीन होती, ऊस होता. विडीवालीकडे फक्त दोन हात.

सोलापुरात या बायांची मागणी घेऊन सिटू ही कामगार संघटना आणि तिचे नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, अनेक वर्षं मोर्चे काढत राहिले. महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. तिला नाव दिलं कॉम्रेड गोदावरी परुळेकरांचं, ज्यांनी ठाणे जिल्ह्यात वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं. शहराबाहेर कुंभारीला जमीन घेतली आणि १०,००० घरं उभी राहिली. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचं वाटप झालं. खर्चाची वाटणी सरळ होती : २०,००० केंद्राचे, २०,००० राज्याचे, २०,००० कामगार बाईचे.

परत फळ्यावर. रोज १० रुपयांनी २०,००० किती दिवसांत? २,००० दिवस, म्हणजे साधारण साडेपाच वर्षं. संस्थेमार्फत कर्ज मिळालं तर आधी राहायला जायचं आणि मग फेडायचं. सोळा वर्षांचं साडेपाचवर कसं आलं, हे पोरांनी स्वतः भागाकार करून पाहिलं. त्या दिवशी भागाकाराला कुणी कंटाळलं नाही.

पण सगळं गोडगोड सांगू नये. शहरात जमीन महाग, म्हणून अशा वसाहती गावाबाहेर जातात. विडी घरी वळली तरी पानं आणायला आणि माल द्यायला कारखान्याच्या शाखेत जावंच लागतं. बसचं भाडं, पाणी, दवाखाना, पोरांची शाळा हे सगळं घराच्या किमतीत धरलेलं नसतं. माझ्या मते घर देताना पहिला प्रश्न शाळेचा विचारला पाहिजे, पण मी मास्तरीण, मला तसं वाटणारच.

तरी काम थांबलं नाही. त्याच कुंभारीत पुढं ३०,००० घरांचं रे नगर ठरलं. यात विडीवाल्यांसोबत यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, चालक असे असंघटित कामगार आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, बाकी रक्कम लाभार्थ्याची. त्यातल्या १५,००० घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. दोन वाटपांत सतरा-अठरा वर्षं गेली, पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले. मागणी करणारे आडम मास्तर तेच.

आपल्या नगरातही सावेडीचं श्रमिकनगर ही विडी कामगारांचीच वसाहत. जवळ राहणाऱ्या शिक्षकांनी मुलांना घेऊन जावं, तिथल्या आजीबाईंना बोलतं करावं. माझी सहल अजून मंजुरीत अडकलीय. आणि पालकांसाठी एक : आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर मुलांना केंद्राच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती मिळू शकते. अर्ज ऑनलाइन असतो, वर्गशिक्षकांना विचारा, लाजू नका.

शेवटच्या दिवशी गृहपाठ एका ओळीचा दिला : आपण राहतो त्या घराच्या कागदावर कुणाचं नाव आहे, ते घरी विचारून या. सोलापूरची घरं बायांच्या नावावर आहेत हे ऐकल्यावर मुलींनीच तो सुचवला होता. दुसऱ्या दिवशी बहुतेक वह्यांत वडील किंवा आजोबा होते. दोन वह्यांत आई. चौकोनाचं चित्र काढणाऱ्या मुलीनं लिहिलं होतं, "घरमालक काका". खाली कंसात, "त्यांचं नाव आईला पण माहीत नाही."