पुस्तक मिटून बघ

कल्याण (प.)

चि. सानिका,

ताई सांगत होती, जीवशास्त्राचा धडा तू चारचारदा वाचतेस आणि ठाण्याला क्लासच्या चाचणीत डोकं कोरं होतं. त्यावर तू ठरवून टाकलंस की तुझी स्मरणशक्तीच कमी. मला हे पटत नाही. तुझ्या डोक्यात जातंय सगळं; ते बाहेर काढायची सवय तू लावून घेतलेली नाहीस.

मेंदूत आठवण एका जागी ठेवलेली नसते. पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं निरनिराळ्या भागांत नोंदलं जातं आणि सुरुवातीला त्यांची सांगड हिप्पोकॅम्पस घालतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढला. लहानपणचं त्याला आठवे, पण नुकतंच भेटलेलं माणूस तो थोड्या वेळात विसरे. आणि गंमत बघ, आरशात पाहून चांदणी गिरवायला तो शिकला, दिवसागणिक सफाई वाढली, मात्र आपण हे आधी केलंय याचा त्याला पत्ताच नसे! हाताचं शिकणं वेगळ्या वाटेने साठतं. तेव्हा भौतिकशास्त्राची गणितं वाचत बसू नकोस, सोडव.

आता तुझ्या चारचारदा वाचण्याविषयी. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच ‘येतं’ म्हणतो. आठवायला जोर लावला की मेंदूच्या पेशींमधले जोड पक्के होतात. आमच्या पिढीचे लोक पावकी-निमकी पाठ असल्याची फुशारकी मारतात (मीही मारते), पण ते टिकलं तिन्हीसांजेच्या परवच्यामुळे. पुस्तकात न बघता मोठ्याने म्हणावं लागे, चुकलं तर आजी थांबवी.

सकाळच्या धीम्या गाडीत, डोंबिवलीच्या त्या गर्दीत, वही उघडता येत नाही म्हणून तू कुरकुरतेस. उघडूच नकोस. कोपर ते दिवा नेफ्रॉनची रचना मनात उभी कर, मुंब्र्यापर्यंत हृदयाचे कप्पे, कळव्याला आदल्या आठवड्यातलं काहीतरी. अडलीस तर लगेच मोबाइल काढू नकोस. ठाण्याला उतरून ताडून बघ. थोडं विसरू द्यावं आणि मग आठवावं, ते जास्त टिकतं.

रोज अभ्यासिकेच्या एकाच खुर्चीत बसणंही सोड. १९७५ साली पाणबुड्यांवर एक प्रयोग झाला: पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले. परीक्षेला कुठली शाळा मिळेल ते तुझ्या हातात नाही, म्हणून जागा बदलत राहा.

आणि झोप. दिवसा धावलेल्या वाटा उंदरांचा हिप्पोकॅम्पस झोपेत पुन्हा चेतवतो, हे प्रयोगांत दिसलंय. रात्री दोनपर्यंत जागून तू साठवणीचीच वेळ खाते आहेस. अकराला दिवा बंद कर, ताईशी वाद घालू नकोस.

रविवारी फोन कर. पुस्तक माझ्या हातात असेल, तू न बघता सांगायचं.

तुझी,
मावशी